फाटक्या आवाजाची नारिंगी डबी

सावर्ड्याहून आम्ही बोलतोय.

आवाज फाटला असं आपण कधी म्हणतो? देवळावरच्या कर्ण्यातून आरती खरखरत आली की म्हणतो. हळदीकुंकवाला कुणी माईक अगदी ओठांना लावून बोलली की म्हणतो. लग्नात मंडपवाल्याचा स्पीकर जुना निघाला तर जेवणाच्या पंगतीपर्यंत त्याचीच चर्चा चालते. फाटलेला आवाज म्हणजे बिघाड आणि बिघाड म्हटला की तो दुरुस्त करायचा, हे आपण धरूनच चालतो.

आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत, ती नेमकी उलटं काम करते. तिच्यात एका बाजूनं स्वच्छ आवाज जातो आणि दुसऱ्या बाजूनं तो फाटून बाहेर येतो. लोक पैसे मोजून ती विकत घेतात. आणि तिनं आवाज फाडायचं थांबवलं, तर ती बिघडली म्हणून दुरुस्तीला नेतात! इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे तिला डिस्टॉर्शन पेडल म्हणतात. पायानं दाबायची असते म्हणून पेडल. आम्ही आपलं सोपं नाव ठेवलंय, डबी.

बचत गटांच्या कार्यक्रमात गिटारची डबी कुठून आली, असं तुम्हाला वाटेल. ती आमच्याकडे एका कर्जाच्या अर्जातून आली. तो अर्ज मंजूर करायचा की नाही यावरून गटात मोठा वाद झाला, आणि त्या वादापायी आम्हाला बरंच वाचावं, ऐकावं लागलं. अर्जाचं पुढे सांगूच. आधी ही डबी जन्माला कशी आली ते बघू.

साधी गिटार पोकळ लाकडाची असते. तार छेडली की लाकूड घुमतं आणि आवाज होतो. इलेक्ट्रिक गिटारचं तसं नाही. तिच्या तारा लोखंडी असतात. तारांच्या खाली लोहचुंबक असतं आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. याला पिकअप म्हणतात. तार थरथरली की त्या वेढ्यांमध्ये अगदी थोडी वीज तयार होते. ती वीज वायरीतून ॲम्प्लिफायरमध्ये जाते, तिथे मोठी होते आणि स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर पडते. आपल्या माईकचंही साधारण असंच असतं.

आता हा आवाज फाटतो म्हणजे काय होतं? आवाजाची लाट असते, डोंगरासारखी चढणारी आणि उतरणारी. ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर ओझं दिलं की त्याला डोंगराचा माथा उचलता येत नाही. मग माथा कापला जातो आणि वर सपाटी राहते. आपल्या कोकणात डोंगराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा सडा असतो ना, तसा. लाटेचा डोंगर गेला आणि सडा राहिला की त्या कापलेल्या कडांमधून मूळ सुरात नसलेले आणखी बरेच बारीक सूर तयार होतात. आपल्या कानाला ती खरखर वाटते. आवाज फाटला म्हणतो तो हा.

सुरुवातीला हे कुणालाच नको होतं. ॲम्प्लिफायर बनवणारे कारखाने आवाज स्वच्छ यावा म्हणून झटत होते. वाजवणाऱ्यांना मात्र त्या करकरीत काहीतरी सापडत होतं. आणि हे सापडलेल्यांमध्ये अगदी पुढे एक बाई होती, हे तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. तिचं नाव सिस्टर रोझेटा थार्प. अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका, जन्म १९१५ चा. ती चर्चमधली भक्तिगीतं गायची. आपल्याकडे भजनी मंडळात एखादी बाई पेटी घेऊन बसते, तशी ती गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून उभी राहायची, आणि गिटारचा आवाज फाटेपर्यंत वाजवायची. १९६४ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर तिचा कार्यक्रम टीव्हीसाठी झाला. पाऊस पडत होता. फलाटावर लांब कोट घालून, पांढरी गिटार घेऊन ती वाजवतेय, असं ते चित्रीकरण आजही बघायला मिळतं. रॉक संगीताच्या मोठ्या मानकऱ्यांमध्ये तिचं नाव घातलं गेलं ते २०१८ साली. तिला जाऊन तोवर जवळजवळ ४५ वर्षं होत आली होती.

यानंतरचे किस्से बिघाडांचेच आहेत. १९५१ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात आयक टर्नर नावाच्या वादकाचा ताफा रेकॉर्डिंगला आला. वाटेत त्यांच्या गिटारच्या ॲम्प्लिफायरची मोडतोड झाली होती. दुसरा आणायला वेळ नव्हता. मग फाटलेल्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवलं, असं सांगतात. गिटार वाजवणाऱ्याचं नाव विली किझार्ट. त्या कागदातून निघालेला भरडा आवाज लोकांना इतका आवडला की ते गाणं खूप गाजलं.

१९५८ साली लिंक रे नावाच्या वादकानं मुद्दामच हे केलं. ॲम्प्लिफायरच्या स्पीकरला त्यानं पेन्सिलीनं भोकं पाडली आणि एक धून वाजवली. तिला शब्द नव्हते, नुसती गिटार. तरी अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी ती लावायला बंदी घातली, कारण ती ऐकून तरुण पोरं मारामाऱ्या करतील अशी त्यांना भीती होती. आम्ही स्वतः रेडिओवर बोलणारे, म्हणून आम्हाला याचं फार नवल वाटलं. १९६४ साली लंडनमध्ये डेव्ह डेव्हिस या १७ वर्षांच्या पोरानं स्पीकरच्या कागदी पडद्यावर दाढीचं पातं ओढलं. तेही गाणं गाजलं.

पण स्पीकर फाडण्यात एक मोठी अडचण आहे, ती आपल्यासारख्या घर चालवणाऱ्या बायकांच्या लगेच लक्षात येईल. एकदा फाडला की तो कायमचा फाटला. एका गाण्याला खरखर हवी आणि पुढच्याला नको, असं झालं तर काय करणार? दोन स्पीकर ठेवणार? शिवाय फाटका आवाज न फाडता मिळवायचा तर ॲम्प्लिफायर पार शेवटपर्यंत मोठा करावा लागे. मग शेजारीपाजारी ऐकून घेतील का?

यावर उपाय निघाला तोही एका बिघाडातूनच. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्स या गायकाच्या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू होतं. ग्रेडी मार्टिन हा वादक बास गिटार वाजवत होता. रेकॉर्डिंगच्या यंत्राचा एक भाग अचानक बिघडला आणि त्याच्या गिटारचा आवाज माशी घोंगावल्यासारखा यायला लागला. तो तुकडा काढून टाकायचा की ठेवायचा यावर बोलणं झालं आणि शेवटी ठेवला. १९६१ साली ते गाणं बाहेर आलं आणि इतर गायक विचारायला लागले, आम्हालाही तसाच आवाज हवा. पण ते बिघडलेलं यंत्र तर आता पार बंद पडलेलं. तेव्हा ग्लेन स्नॉडी नावाच्या ध्वनी अभियंत्यानं विचार केला की हा बिघाड मुद्दाम बनवता येईल का? त्यानं ट्रान्झिस्टर वापरून छोटं यंत्र जुळवलं. गिब्सन या गिटारच्या कंपनीनं ते १९६२ साली माएस्ट्रो फझ-टोन या नावानं बाजारात आणलं. पायानं दाबायचं बटण असलेली, विकत मिळणारी ही पहिली डबी.

ती लगेच खपली असं नाही. लोकांना तिचं काय करायचं तेच कळेना. १९६५ साली इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्स या बँडच्या कीथ रिचर्ड्सनं एका गाण्याच्या सुरुवातीला ती वापरली. त्याच्या मनात होतं की ही जागा पुढे पितळी वाद्यांनी भरायची, गिटार नुसती खूण म्हणून ठेवायची. पण तेच रेकॉर्डिंग बाहेर आलं, जगभर वाजलं, आणि दुकानांतल्या डब्या संपल्या.

आता जपानला जाऊ. १९७२ साली ओसाकात इकुतारो काकेहाशी यांनी रोलँड ही कंपनी काढली. बॉस हा तिचाच भाग. १९७७ पासून बॉसनं सगळ्या डब्या एकाच मापाच्या साच्यात करायला सुरुवात केली. साधारण १३ सेंटिमीटर लांब, ७ सेंटिमीटर रुंद, धातूची, पायाखाली तुडवली तरी काही होणार नाही अशी. १९७८ साली त्यातली नारिंगी डबी आली. नाव डीएस-१. आमच्या अर्जातली डबी हीच. ती आजही बनते. अमेरिकेतल्या निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेननं ती वापरली, आणि १९९१ च्या त्यांच्या अल्बमनंतर शाळाकॉलेजातल्या कितीतरी पोरांची पहिली डबी हीच ठरली. मोठ्या वादकाची आणि शिकाऊ पोराची वस्तू एकच, आणि शिकाऊ पोराला परवडेल अशी. तिचं नाव टिकलं त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

तिच्या आत डोकावलं तर फार काही नाही. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, घरातल्या जुन्या खेळण्यात असते तीच. वर तीन बटणं असतात, फिरवायची. एकानं आवाज किती फाडायचा ते ठरतं, दुसऱ्यानं तो जाडा हवा की टोकदार ते, आणि तिसऱ्यानं बाहेर पडताना किती मोठा ठेवायचा ते. गिटारकडून आलेली लाट आत आधी मोठी केली जाते, मग दोन डायोड वाट अडवून बसलेले असतात. एक लाटेचा माथा कापतो, दुसरा तळ. डोंगराचा सडा होतो. खाली पायाचं बटण आहे. दाबलं की आवाज फाटतो, परत दाबलं की स्वच्छ.

मैत्रिणींनो, या तीन बटणांमध्ये खरी गंमत आहे. आवाज फाटणं वेगळं आणि आवाज मोठा होणं वेगळं, ही गोष्ट डबीनं सुटी करून दाखवली. पूर्वी फाटका आवाज हवा तर आवाज मोठाच करावा लागे. डबी आली आणि अगदी हळू वाजवूनही आवाज फाडता यायला लागला. हे लक्षात ठेवा, पुढे आमच्या बैठकीत सगळं यावरच फिरलं.

पण तार छेडून वाजवणाऱ्याला हा फाटका आवाज एवढा का हवा असतो? छेडलेल्या तारेचा आवाज पटकन विरतो. सनईवाला दम असेपर्यंत सूर धरून ठेवतो, तारेला ते जमत नाही. लाटेचा माथा कापला की मोठा आणि लहान आवाज जवळजवळ सारखे होतात. त्यामुळे विरत चाललेला सूरही बराच वेळ भरलेला वाटतो. डबीमुळे गिटारला सनईसारखा दम येतो, असं म्हटलं तरी चालेल.

आणि बारीक झिणझिण सुरात मुद्दाम मिसळायची, हे आपल्याला काही परकं नाही. तानपुरा आठवा. तानपुऱ्याची तार नुसती टणत्कार करत नाही, तिच्याभोवती एक झळाळी फिरत राहते. तिला जवारी म्हणतात. तार ज्या घोडीवर टेकते, तिचा पृष्ठभाग कारागीर हातानं घासून किंचित गोलसर करतो. तार थरथरताना त्या पृष्ठभागाला हलकेच घासत राहते. वरून तारेखाली सुताचा धागा सरकवून तो नेमक्या जागी थांबवतात. धागा केसभर इकडेतिकडे झाला तर जवारी मिटते. म्हणजे तारेला कशाचा तरी स्पर्श होऊन आवाज झिणझिणणं हा दोष आम्ही केव्हाच कलेत घेतलाय. हे काम करणारं मोठं गाव आपल्या महाराष्ट्रातच आहे, मिरज. तिथल्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे होते. एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले. पंढरपूर, मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून ते तानपुरे आणि सतारी करतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी आणि डबी एक नव्हेत. जवारी घासून, धागा लावून येते आणि डबी विजेवर चालते. पण कान तेच मागतोय.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. गणपतीत, शिमग्यात, लग्नाच्या वरातीत आपण बेंजो ऐकतो. नाव बेंजो असलं तरी ते अमेरिकेतलं बँजो नव्हे. हे वाद्य जपानचं. नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली ते तयार केलं. टंकलेखन यंत्राच्या बटणांवरून त्यांना कल्पना सुचली. उजव्या हातानं तार छेडायची आणि डाव्या हातानं बटणं दाबायची. जपानी नाव ताइशोगोतो. हिंदुस्थानात ते बुलबुल तरंग झालं आणि आपल्याकडे बेंजो. मुळात ते घरात बसून वाजवायचं, नाजूक आवाजाचं वाद्य. मुंबईच्या चाळींत आणि आपल्या वाड्यांमध्ये पोरांनी त्याला पिकअप बसवला, वायर जोडली आणि ते गाडीवर चढवलं. बाजूला ताशा आणि ढोल. ताशाच्या कडकडाटात छेडलेल्या तारेचा सूर टिकणार कसा? म्हणून आवाज फाटेपर्यंत वाढवायचा. काही वादक तर बेंजो आणि ॲम्प्लिफायरच्या मधे गिटारचीच डबी जोडतात. म्हणजे १९१२ चं एक जपानी वाद्य आणि १९७८ ची एक जपानी डबी, दोन्ही कोकणात एकाच गाडीवर येऊन बसली. २०१६ साली रवी जाधव यांनी या वादकांवर हिंदी सिनेमाही काढला.

आपल्या खालूबाजातल्या सनईचा आवाजही काही मऊ नसतो. पालखी सहाणेवर असताना तो पलीकडच्या वाडीपर्यंत पोचतो. उघड्यावर वाजणाऱ्या वाद्याला धार लागतेच. बेंजोवाल्यांनी तीच धार विजेतून मिळवली.

मुंबईला इलेक्ट्रिक गिटारचा दुसराही इतिहास आहे. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा' सिनेमात आर. डी. बर्मन यांच्या संगीतात आशाताई भोसले यांचं 'दम मारो दम' आलं आणि त्यातली गिटार वाजवली भूपिंदर सिंग यांनी. ज्या घरांमध्ये इलेक्ट्रिक गिटार कुणी डोळ्यांनी बघितली नव्हती, तिथेही ती रेडिओतून पोचली. पुढे १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा मोठा कार्यक्रम सुरू झाला आणि धोबी तलावचं उघडं रंगभवन हे रॉक ऐकणाऱ्यांचं ठिकाण झालं. तिथे फाटक्या गिटारी रात्रभर गाजायच्या. पण जवळ रुग्णालय आणि कॉलेज. जागा शांतता क्षेत्रात आली आणि तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद पडले. कुणाला वाईट वाटलं, कुणाला बरं वाटलं. दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे.

आमच्या बैठकीतही हेच दोन पक्ष पडले.

आमच्या एका गटातल्या ताई काजू सोलायचं काम करतात. त्यांची मुलगी कॉलेजात शिकते आणि गिटार वाजवते. रविवारी वाडीतल्या चार-पाच मुलांना शिकवतेही. ताईंनी अंतर्गत कर्जासाठी अर्ज केला, सहा हजार रुपये. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, मुलीच्या गिटारसाठी पेडल. पेडल म्हणजे काय ते मुलीनं सांगितलं तेव्हा एक सदस्य पटकन म्हणाली, "अगो, स्पीकर फाटला तर आपण दुरुस्तीला पैसे घालतो, आणि ही फाडायला मागत्ये?" सगळ्या हसल्या.

एक आजी मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गेल्या विसर्जनाला आमच्या दारात गाडी अर्धा तास उभी होती. नातू बारा दिवसांचा. फळीवरची भांडी थरथरत होती. पोर रडून रडून काळंनिळं झालं. तो आवाज असलाच फाटका होता. माझ्या बचतीतला एक रुपयाही मी त्याला देणार नाही." यावर कुणाला बोलता येईना. कारण त्या दिवशी त्या घरात काय झालं ते आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं.

अर्ज पुढच्या बैठकीवर ठेवला. मुलीला सांगितलं, ती डबी इथे आणून दाखव. तिनं मैत्रिणीची मागून आणली, सोबत शाळेच्या दप्तराएवढा ॲम्प्लिफायर. आधी तिनं स्वच्छ सूर वाजवला. मग पायानं बटण दाबलं आणि तोच सूर फाटून आला. पण इतका हळू की डोक्यावरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग तिनं डबी बंद केली आणि स्वच्छ आवाज हळूहळू मोठा करत नेला. दुसऱ्या-तिसऱ्या चकरीला पुढे बसलेल्या बायकांनी कानावर हात घेतले. त्या आवाजात फाटकं काहीच नव्हतं.

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे माझा नातू रडला तो मोठ्या आवाजानं?" मुलगी म्हणाली, "होय आजी."

कर्ज मंजूर झालं. दोघी जणी शेवटपर्यंत विरोधात राहिल्या. गिटारपेक्षा शिलाई मशीन घ्यावं, त्यातून घरात पैसा तरी येतो, असं त्यांचं म्हणणं. ते इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलंय, कारण त्याही गटाच्या मालकीण आहेत. मुलीनं सराव रात्री नऊपर्यंत आणि त्यानंतर कानाला हेडफोन लावून करायचा, हे तिनंच सांगितलं. हप्ते वेळेवर येतात.

पण आजींच्या नातवाचा प्रश्न त्या मंजुरीनं सुटत नव्हता. म्हणून त्याच बैठकीत दुसरा ठराव झाला. गणपतीपूर्वी वाडीतल्या मंडळांना भेटायचं. त्यासाठी आम्ही कायदा काय म्हणतो ते वाचून काढलं. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं. आणि कानाचं गणित असं की ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंत ठीक मानतात, पण त्यावर दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. गाडीच्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर नाचणाऱ्या पोरांच्या वाट्याला तर काही मिनिटंच उरतात.

हे घेऊन आम्ही मंडळांच्या पोरांकडे गेलो. भांडायला नव्हे. बेंजो बंद करा असं आम्ही म्हटलंच नाही, कारण विसर्जनाला बेंजो लागला की आमचेही पाय थांबत नाहीत. चाकरमानी मुंबईहून येतात, वर्षभराचा शीण त्या ठेक्यावर उतरवतात. आम्ही एवढंच म्हटलं की बेंजो फाडा हवा तेवढा, पण मोठा करू नका. वादकाला सांगा, फाडायचं बटण त्याच्या मर्जीनं फिरव आणि आवाजाचं बटण आमच्या मर्जीनं. पोरांना हे पटायला वेळ लागला नाही, कारण डबीची गोष्ट त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होती. त्यांना वाटत होतं, आम्हाला त्यांचं संगीतच आवडत नाही. आणि आम्हाला वाटत होतं, फाटका आवाज म्हणजेच मोठा आवाज.

तुमच्या वाडीतही हे करता येईल. बेंजो पार्टी ठरवताना, पैसे देण्याआधी, चार गोष्टी बोलून घ्या. रात्री किती वाजता थांबणार? स्पीकरचं तोंड घरांकडे असणार की रस्त्याच्या दिशेनं? बाळंतीण, आजारी माणूस, म्हातारं माणूस असलेल्या घरांसमोर गाडी न थांबता पुढे जाणार का? आणि आवाज कमी कर म्हणून सांगायचा अधिकार कुणाचा? हा माणूस आधी ठरवा, त्यात एक तरी बाई असू द्या. ठरलेलं कागदावर लिहा. घरांची यादी गटाच्या बैठकीत दहा मिनिटांत तयार होते, कारण कुणाच्या घरी पाळणा हलतोय ते आपल्यालाच आधी कळतं.

आणि हो, तुमच्या घरात कुणी पोर गिटार नाहीतर बेंजो घेऊन बसली असेल आणि तिच्या खोलीतून करकर ऐकू आली, तर वाद्य बिघडलं असं लगेच धरू नका. दार उघडून विचारा, हे तू मुद्दाम करत्येस का? हो म्हणाली तर जरा वेळ बसून ऐका.

पुढच्या वेळी पावसाळ्यातल्या परसबागेबद्दल बोलू. तुमच्या बैठकीत काय ठरलं ते आम्हाला कळवा. नमस्कार.